फ्रान्सच्या खेड्यात बीएनबी (पाहुण्यांना खोली आणि नाश्ता देणारं घर) काढायला शिकवणारा चार दिवसांचा कोर्स, आमचा अनुभव (पाचपैकी साडेतीन)

आधीच सांगते, रिव्ह्यू लांबलाय. आम्ही जायच्या आधी मला कुणीतरी मराठीत असं सविस्तर लिहिलेलं हवं होतं आणि कुठे सापडलं नाही, म्हणून मीच लिहितेय. ज्यांना फक्त आकडा हवाय त्यांना वरती दिलाय, दीड मार्क कुठे कापला ते खाली येईलच.

तर गेली दोन वर्षं मी रोज रात्री झोपायच्या आधी फोनवर फ्रान्समधली दगडी घरं बघते. निळ्या झडपांच्या खिडक्या, दारात अक्रोडाचं झाड, मागे रिकामा गोठा, आणि किंमत बघितली की वाटतं यांचं एक शून्य टाईप करायचं राहिलं बहुतेक. आम्ही इंग्लंडमध्ये असतो, दोघंही पन्नाशीला टेकलोय, मुलगी शिकायला बाहेर गेली, आणि मग माझ्या डोक्यात हे सुरू झालं की इथलं घर विकायचं, तिकडे मोठं घर घ्यायचं, चार-पाच खोल्या पाहुण्यांना द्यायच्या, सकाळी नाश्ता करून घालायचा आणि उरलेला दिवस आपला. या "उरलेला दिवस आपला" वर पुढे बोलूच. नवऱ्याचं म्हणणं एवढंच होतं की घर विकायच्या आधी निदान चार दिवस तिथे राहून काम करून बघ, आणि त्यानेच हा कोर्स शोधला.

कोर्स क्रझ जिल्ह्यात आहे, म्हणजे फ्रान्सच्या बरोबर मध्यावर, लिमोजच्या थोडं वर. एक डच जोडपं चालवतं, चौदा वर्षांपूर्वी आपला देश सोडून तिथे आलेलं. नावं देत नाही, कारण त्यांनी आम्हाला ज्या गोष्टी दाखवल्या त्या जाहिरातीसाठी नव्हत्या. बुधवारी संध्याकाळी पोचायचं, रविवारी दुपारी निघायचं, दोघांचे मिळून 780 युरो, त्यात राहणं-जेवण-शिकवणं सगळं आलं, एकट्या माणसाला 520. पॅरिसच्या ऑस्टरलिट्झ स्टेशनवरून लिमोजकडे जाणारी गाडी पकडायची आणि ला सूतरेनला उतरायचं, तीनेक तास लागतात. स्टेशनवर मालक स्वतः घ्यायला येतात. आम्ही 2025 च्या एप्रिलमध्ये गेलो.

घराबद्दल काय सांगू, फोटोत दिसतं तसंच आहे. ग्रॅनाइटच्या हातभर जाड भिंती, आत शिरलं की गार. या भागातले गवंडी एकोणिसाव्या शतकात चालत पॅरिसला जायचे आणि ते सगळं शहर बांधायचे, पॅरिस नव्याने बांधून घेणाऱ्या हॉसमनच्या काळातल्या त्या सरळसोट इमारतींवर यांचे हात लागलेत, आणि परत येऊन गावात स्वतःचं घर बांधायचे. त्यामुळे घरं एकदम भक्कम, फक्त आता त्यात राहायला माणसं नाहीत. अख्ख्या जिल्ह्याची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आत आहे. घरं स्वस्त का, याचं उत्तर खरं तर इथेच होतं, पण मी तेव्हा अक्रोडाच्या झाडाचे फोटो काढत होते.

आमच्यासोबत अजून दोन जोडपी होती आणि एक बाई एकटी आली होती, सगळे चाळिशी-पन्नाशीतले, सगळ्यांच्या फोनमध्ये तीच घरं. दारामागे खोल्यांच्या चाव्या अडकवायचे पाच हुक होते, त्यातल्या चार चाव्या आमच्याकडे. मला वाटलं कोर्स चालू असताना बाहेरचे पाहुणे मुद्दाम घेत नसतील.

पहिला दिवस कायद्याचा. हे मालक शिकवतात आणि फार छान शिकवतात, कारण प्रत्येक नियम घरात फिरवून दाखवतात. फ्रान्समध्ये या धंद्याला शाँब्र दोत म्हणतात आणि त्याची कायद्यात व्याख्या आहे: तुम्ही स्वतः राहता त्या घरात, जास्तीत जास्त 5 खोल्या, एका वेळी जास्तीत जास्त 15 माणसं, नाश्ता आणि चादरी-टॉवेल दिलेच पाहिजेत, पाहुण्याचं स्वागत घरच्यांनीच करायचं. सहावी खोली काढली की तुम्ही या व्याख्येच्या बाहेर गेलात, आणि माणसं पंधराच्या वर गेली की सार्वजनिक इमारतीचे आगीबिगीचे नियम लागतात. खोली निदान 9 चौरस मीटर हवी, बाथरूम त्यात धरायचं नाही, आणि छत 2.20 मीटर. हे सांगून त्यांनी आमच्या हातात मेजरटेप दिला आणि माळ्यावर पाठवलं. माळ्यावरची खोली मला सगळ्यात आवडली होती, उतरतं छप्पर, छोटी खिडकी, आणि तीच नापास झाली, कारण उतरत्या छपराखालची जागा मोजल्यावर उभं राहण्याइतकी उरतच नव्हती. जाहिरातीत "सहा बेडरूम" लिहिलेलं घर प्रत्यक्षात तीन खोल्यांचं बीएनबी असू शकतं हे मला त्या मेजरटेपमुळे कळलं. नुसत्या या तासासाठी मी एक अख्खा मार्क देईन.

दुपारी मेरीत नेलं. आदल्या दिवशी "उद्या आपण मेरीकडे जाणार" असं ऐकून नवऱ्याला वाटलं मेरी नावाची कुणी बाई असेल, शेजारीण वगैरे. मेरी म्हणजे गावाची कचेरी. आठवड्यातून दोनदा अर्धा दिवस उघडते, एक सेक्रेटरीबाई आणि एक प्रिंटर. धंदा सुरू करायच्या आधी इथे फॉर्म भरून कळवायचं आणि पोच घ्यायची. बाकीची नोंदणी आता ऑनलाइन एकाच खिडकीवर होते, 2023 पासून, पण गावात तुम्ही आहात हे आधी या बाईंना माहीत पाहिजे. आत शिरताना आधी बोंजूर म्हणायचं, मग काय ते विचारायचं, आमच्यातल्या एकाने थेट "एक्स्क्यूज मी" ने सुरुवात केली आणि बाईंनी मान वरच केली नाही. मालक म्हणाले हा धडा कोर्समध्ये नाही, फुकट आहे.

मग छोट्या-छोट्या गोष्टींची रांग. पाहुण्यांकडून माणशी, रात्रीप्रमाणे टूरिस्ट टॅक्स गोळा करून भरायचा, अठराच्या आतल्या मुलांना माफ. परदेशी पाहुणा आला की पोलिसांसाठी एक फॉर्म भरून घ्यायचा आणि सहा महिने जपून ठेवायचा. रात्रीचं जेवण द्यायचं असेल तर तुमच्याकडे राहिलेल्यांनाच, घरच्या टेबलावर, सगळ्यांना एकच मेनू, रेस्टॉरंटसारखं "काय घेणार" विचारायचं नाही. जेवणासोबत वाइन दिली तर परवाना, आणि परवान्यासाठी एक दिवसाचं ट्रेनिंग, ते दहा वर्षं चालतं. पोहण्याचा टँक असेल तर कुंपण, अलार्म, झाकण किंवा छप्पर यातलं एक काहीतरी कायद्याने हवंच. मी सगळं वहीत लिहिलं, नवरा मांजराशी खेळत होता.

घर विकत घेण्याबद्दलचं सत्र पण चांगलं झालं. नोटेरचा (घराचं खरेदीखत करणारा वकील) खर्च जुन्या घराला किंमतीच्या 7 ते 8 टक्के धरायचा. पहिल्या करारावर सही केल्यावर घेणाऱ्याला 10 दिवस मागे फिरायची मुभा असते, नंतर फिरलात तर डिपॉझिट गेलं. आणि फोस सेप्टिक. या एका विषयावर ते दीड तास बोलले, पावसात आम्हाला बागेत उभं करून झाकण उघडून दाखवलं. खेड्यात ड्रेनेजची लाइन नसते, प्रत्येक घराची आपली सेप्टिक टाकी, तिची तपासणी होते, आणि टाकी नियमात बसत नसेल तर घर घेतल्यापासून एका वर्षात तुम्ही ती नीट करायची. आता विचार करा, जुनी टाकी चार माणसांच्या कुटुंबासाठी खणलेली असते आणि तुम्ही त्यावर पाच बाथरूम जोडणार. बॉयलरचंही तसंच, तेलावर चालणारा जुना बॉयलर दुरुस्त करता येतो पण मेला की तसाच नवा बसवता येत नाही, 2022 च्या जुलैपासून बंदी आहे. निळ्या झडपांच्या फोटोत यातलं काही दिसत नाही.

दुसरा आणि तिसरा दिवस मालकीणबाईंचा. आणि इथे माझी खरी परीक्षा झाली. सकाळी साडेसहाला उठून खाली यायचं. गावात बेकरी नाही, सगळ्यात जवळची अकरा किलोमीटरवर आणि सोमवारी बंद, त्यामुळे क्रोसाँ आदल्या रात्री फ्रीजरमधून काढून ठेवायचे, सोमवारचा ब्रेड रविवारीच आणायचा. आठ वाजता टेबल लागलं पाहिजे. आम्ही आळीपाळीने यजमान आणि पाहुणे व्हायचो. मला वाटलं होतं मी यात एकदम हिट होणार, गप्पा मारायला आवडतात, लोकांना खायला घालायला आवडतं. प्रत्यक्षात सकाळी आठला एका माणसाने "इथून ओब्यूसाँला किती वेळ लागतो, टेपेस्ट्रीचं म्युझियम उघडं असतं का, आणि वाटेत पेट्रोल कुठे" असं विचारलं आणि मी उत्तर दिलं. मालकीणबाई नंतर म्हणाल्या, तुमची उत्तरं बरोबर होती पण ऑफिसच्या ईमेलसारखी होती. लागलं जरा. पण खरं होतं. त्या स्वतः काय करतात ते मी दुसऱ्या दिवशी नीट बघितलं: पाहुण्याची पहिली कॉफी संपेपर्यंत त्याच्या जवळपासही जात नाहीत, मग पाव ठेवायच्या निमित्ताने येतात, उभ्या-उभ्याच बोलतात, बसत नाहीत, आणि दोन मिनिटांत निघतात. चौदा वर्षं रोज. आजारी असल्या तरी, रात्री नवऱ्याशी भांडण झालं असलं तरी.

मग खोल्या. पाच खोल्या असतील तर प्रत्येक पलंगाचे तीन सेट, एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. सगळं पांढरं, कारण रंगीत कापडाला ब्लीच चालत नाही. आणि दुलईची खोळ. आयुष्यभर मी खोळीत स्वतः शिरून कोपरे शोधत आलेय, तिथे शिकवलं की खोळ आधी उलटी करायची, हात आत घालून तिचे दोन कोपरे पकडायचे, त्याच कोपऱ्यांनी दुलईचे कोपरे धरायचे आणि झटका द्यायचा, आपोआप सुलटी होऊन चढते. पहिली खोली करायला मला पन्नास मिनिटं लागली, नवऱ्याला पस्तीस. तिसऱ्या दिवशी तो पंचवीसवर आला आणि मी चाळीसवर. घरी कधी उशीचा अभ्रा न बदललेला माणूस तिथे बायकांना टिप्स देत होता. मालकीणबाई त्याला म्हणाल्या तुम्ही कधीही या, कामाला ठेवते.

सगळ्यात कठीण पाहुणा कुठला, तर एका रात्रीचा. ए20 मोटरवे तिथून जवळ आहे आणि त्या पट्ट्यात टोल नाही, त्यामुळे उत्तरेकडून स्पेनकडे गाडीने जाणारे लोक वाटेत एक रात्र थांबतात. रात्री नऊला येतात, सकाळी सातला निघतात, आणि तुम्ही पूर्ण खोली धुता. आठवडाभर राहणारं कुटुंब, म्हणजे उन्हाळ्यात वासिव्हिएरच्या तलावावर येणारे वगैरे, त्यांचं धुणं तेवढंच आणि पैसे सातपट. पण ते फक्त जुलै-ऑगस्टमध्ये.

"उरलेला दिवस आपला" चं काय झालं? नाश्ता आवरून अकरा, खोल्या करून दीड, दुकान, इस्त्री, चारपासून नवे पाहुणे येऊ शकतात म्हणून घर सोडून जाता येत नाही. मालक म्हणाले की त्या तलावावर ते शेवटचे चार वर्षांपूर्वी गेले होते. तलाव तासाभरावर आहे.

आता तिसऱ्या रात्रीबद्दल, ज्यासाठी मी खरं तर हे लिहायला घेतलं. जेवण झाल्यावर मालकांनी टेबलावर एक जाड वही आणून ठेवली आणि म्हणाले विचारा काय विचारायचं ते. गेल्या वर्षीचा अख्खा हिशोब. पाच खोल्या मिळून वर्षात 210 रात्री भरल्या होत्या, सरासरी 80 युरो, म्हणजे 16,800. पाच खोल्यांच्या वर्षाला 1825 रात्री होतात, म्हणजे शंभरात बाराही भरल्या नाहीत. त्यातून बुकिंग साइटचं कमिशन पंधरा टक्क्यांच्या आसपास, नाश्ता, धुणं, तेल, विमा, घरपट्टी. मी टेबलाखाली फोनवर कोर्सचा हिशोब केला. वर्षाला सहा बॅच, बॅचला चार खोल्या, 780 ने गुणलं तर 18,720. एकट्या माणसांचे कमी धरले तरी खोल्यांपेक्षा जास्त.

म्हणजे त्या घराचा मुख्य पाहुणा मी आहे! तलावावर येणारं कुटुंब नाही, स्पेनला जाणारा ड्रायव्हर नाही, रात्री झोपायच्या आधी निळ्या झडपा बघणारी मी. पाचवी चावी हुकावर का लटकत होती ते पण तेव्हा कळलं, एप्रिलमध्ये तिथे कुणी येतच नाही.

मी तोंड उघडायच्या आत आमच्यातल्या त्या एकट्या आलेल्या बाईने सरळ विचारलं की मग तुमचा धंदा बीएनबी की कोर्स? मालकीणबाई हसल्या आणि म्हणाल्या, हा प्रश्न प्रत्येक बॅचला तिसऱ्या रात्री येतो, ज्या बॅचला येत नाही तिची मला काळजी वाटते. जिथे घरं स्वस्त तिथे पाहुणे नाहीत, जिथे पाहुणे आहेत तिथली घरं आम्हाला परवडली नसती, मग दुसरं काहीतरी विकावं लागतं, कुणी पॉटरी शिकवतं, कुणी योगा, आम्ही हे शिकवतो. नवऱ्याला हे जाम आवडलं. मला त्या रात्री राग आला होता, अगदी खरं सांगायचं तर फसल्यासारखं वाटलं. पण वही त्यांनी स्वतः आणली होती, कुणी मागितली नव्हती, आणि 780 युरोत मला जे कळलं ते घर घेऊन कळलं असतं तर त्याची किंमत काय झाली असती हे सकाळपर्यंत लक्षात आलं. खोल्या भरल्या नाहीत तर तुम्ही वर्षभर जगणार कशावर, हा प्रश्न दोन वर्षांत मला एकाही जाहिरातीने विचारला नव्हता.

आता मार्क कुठे कापले. एक पूर्ण मार्क व्हिसाचा. ते डच, युरोपियन युनियनचे नागरिक, सामान भरलं आणि आले, त्यामुळे त्यांना या बाबतीत खरंच काही माहीत नाही, वीस मिनिटांत विषय गुंडाळला आणि "कॉन्सुलेटला विचारा" म्हणाले. आमच्या बॅचमध्ये युनियनच्या पासपोर्टवाले फक्त दोघं होते! ब्रिटिश पासपोर्ट असला तरी 2021 पासून 180 दिवसांत 90 च दिवस राहता येतं, भारतीय पासपोर्टला तर आधीच सगळं लागतं. व्हिजिटर व्हिसावर गेलात तर कुठलंही काम करणार नाही असं लिहून द्यावं लागतं, पाहुण्याला पैसे घेऊन नाश्ता देणं हे कामच आहे. धंदा करायचा तर उद्योजकाचा लाँग स्टे व्हिसा, आणि त्यासाठी प्लॅनमध्ये दाखवावं लागतं की या धंद्यातून निदान तिथल्या किमान वेतनाइतकी कमाई होईल. हे मी घरी येऊन वाचलं. आम्ही गेलो तेव्हा किमान वेतन कापाकापीच्या आधी महिन्याला 1801 युरो होतं, म्हणजे वर्षाला साडेएकवीस हजारांच्या वर. आता वरची वही आठवा: खोल्यांची वर्षभराची एकूण जमा, खर्च वजा करायच्या आधी, 16,800. म्हणजे ज्या धंद्याचं आम्ही ट्रेनिंग घेतलं तो जसाच्या तसा कागदावर मांडला तर आमचा व्हिसाच होणार नाही. हे गणित कोर्समध्येच पहिल्या दिवशी फळ्यावर मांडायला हवं होतं. मी त्यांना तसं ईमेल केलं, त्यांनी आभार मानले आणि पुढच्या बॅचपासून कुणी जाणकार ऑनलाइन बोलवू म्हणाले. बोलावलं की नाही कल्पना नाही.

उरलेला अर्धा मार्क भाषेचा. सगळा कोर्स इंग्रजीतून, ते सोयीचं आहे, पण प्लंबर, नोटेर आणि मेरीतल्या बाई कुणीच इंग्रजी बोलत नाहीत आणि मालक ही गोष्ट हसण्यावारी नेतात. त्यांना फ्रेंच येतं म्हणून. शनिवारी प्लंबर आला तेव्हा त्यांचं बोलणं दहा मिनिटं चाललं होतं आणि मला त्यात फक्त बोंजूर कळलं.

जेवण उत्तम, शाकाहारी आहे हे आधी कळवलं तर नीट करतात, नुसतं सॅलड पुढे ढकलत नाहीत. खोल्या स्वच्छ, गरम पाणी भरपूर, वायफाय फक्त खाली स्वयंपाकघराजवळ. एप्रिलमध्ये स्वेटर न्याच, त्या भिंती आतून गरम व्हायला जून उजाडतो म्हणे.

कुणी जावं? ज्यांनी अजून घर घेतलेलं नाही त्यांनीच. आमच्यातल्या एका जोडप्याने आधीच करारावर सही केली होती, दहा दिवस उलटून गेले होते, आणि तिसऱ्या रात्री वही बंद झाल्यावर ते दोघं बराच वेळ काही बोलले नाहीत, मग वर निघून गेले. ज्यांना तिकडे फक्त राहायचंय, पेन्शन आहे, खोल्यांचे पैसे वरखर्चाला, त्यांना हा हिशोब वेगळा दिसेल आणि त्यांना कोर्स जास्तच उपयोगी पडेल. आमचं काय ठरलं असं सगळे विचारतात. घर विकलेलं नाही. फोनवर घरं अजून बघते, फक्त आता फोटो सोडून आधी टाकीची तपासणी आणि छताची उंची शोधते, आणि जवळच्या बेकरीचं अंतर.

बुकिंग करताना एक करा, स्वयंपाकघराच्या बाजूची खालची खोली घेऊ नका, वरची मागा. खालच्या खोलीच्या भिंतीपलीकडे वॉशिंग मशीन आहे आणि ते पहाटे साडेपाचला सुरू होतं. आम्ही खालच्या खोलीत होतो.